आठ तारखेची संध्याकाळ

इंग्लंडमधल्या डरहॅममध्ये नोव्हेंबरात दुपारी चारच्या सुमारास अंधारून येते, हे इथे येण्यापूर्वी मला ऐकून ठाऊक होते; त्या अंधारात नोकरीचे नकार वाचत बसणे कसे असते, ते मात्र अनुभवावरच कळले. गेल्या वर्षी माझ्या कामाचा करार वाढवला गेला नाही, व्हिसाची मुदत डोक्यावर टांगलेली होती, आणि अर्जांना येणारी उत्तरे इतकी सभ्य असत की त्यांचा धड रागही येत नसे. आईला फोनवर मी सर्व ठीक असल्याचे सांगत होते. अशाच एका संध्याकाळी, आठ तारखेला, पाऊस वाढला म्हणून मी वाटेवरच्या एका छोट्या चर्चमध्ये शिरले. भक्तीने शिरले असे लिहिले असते तर शोभले असते, पण ते खोटे ठरेल.

इथले कॅथीड्रल जगप्रसिद्ध आहे. त्याचे बांधकाम १०९३ साली सुरू झाले, संत कथबर्ट आणि इतिहासकार बीड यांच्या कबरी तिथे आहेत, आणि गावाकडून कोणी पाहुणे आले की ती वास्तू जणू माझ्याच पणजोबांनी उभारली असावी अशा थाटात मी त्यांना हिंडवून आणते. मन खचलेले असताना मात्र त्या अजस्र खांबांखाली माणूस आणखीच लहान होतो. या छोट्या चर्चमध्ये मोजून सात माणसे होती, हीटर कुरकुरत होता, आणि गुडघे टेकायच्या उशीवर कोणीतरी लोकरीने बदक विणून भरले होते, ज्याचा एक डोळा उसवला होता. शेजारच्या बाकावरील वृद्ध बाईंनी माझी चौकशी न करता पुस्तक पुढे केले आणि पानावर बोट ठेवून कुठे वाचायचे ते दाखवले.

बायबलमधले स्तोत्र म्हणण्याची तिथली रीत अशी, की एक वचन डावीकडच्यांनी म्हणायचे आणि पुढचे उजवीकडच्यांनी. शिवाय प्रत्येक वचनाच्या मध्यावर, जिथे विरामचिन्ह असते तिथे, सर्वांनी एक श्वासभर थांबायचे. ही रीत मला कोणी सांगितलेली नव्हती. मी नगरच्या आमच्या चर्चमधल्या सवयीने एका दमात पुढे गेले आणि त्या शांततेत माझ्या एकटीचा आवाज घुमला. पुढच्या वचनालाही तेच झाले. कोणी वळून पाहिले नाही, कोणी खाकरले नाही, आणि हे न पाहणेच मला आधी फार टोचले. तिसऱ्या वेळी मी थांबले, तेव्हा सात माणसांनी एकदम घेतलेला श्वास मला ऐकू आला. कित्येक आठवड्यांत मी कोणाबरोबर एका लयीत काहीही केलेले नव्हते, हे तेव्हा ध्यानात आले.

आम्ही बेचाळिसाव्या स्तोत्रावर आलो होतो. हे स्तोत्र मी लहानपणापासून जाणते; हरिणीला पाण्याची तहान लागते, ते. परंतु ते दूरदेशी अडकलेल्या माणसाचे स्तोत्र आहे, हे मला पस्तीस वर्षांत कधी जाणवले नव्हते. तो यार्देनेच्या आणि हर्मोनाच्या प्रदेशात आहे, सणाच्या दिवशी जमावाबरोबर गात देवाच्या घरी जायचो ते त्याला आठवते, आणि लोक त्याला विचारतात की तुझा देव कुठे आहे. मला नाताळात पेटी आणि ढोलकी घेऊन गल्लोगल्ली गात फिरणारी आमची तरुणसंघाची टोळी आठवली. तो कवी स्वतःच्याच जिवाला विचारतो की तू इतका खिन्न का झालास, आणि उत्तर मिळाले नाही तरी आशा धरायला सांगतो. बेचाळिसाव्यात दोनदा आणि त्रेचाळिसाव्यात पुन्हा एकदा, असे तीनदा त्याला हे सांगावे लागते. म्हणजे पहिल्या दोन वेळा जिवाने ऐकले नसावे.

नंतर त्या बाईंनी मला पुस्तकातले कोष्टक दाखवले. चर्च ऑफ इंग्लंडच्या १६६२ च्या प्रार्थनापुस्तकात सर्व दीडशे स्तोत्रे महिन्याच्या तीस दिवसांत, सकाळ आणि संध्याकाळ अशी वाटून दिलेली आहेत, आणि एकतीस तारीख आलीच तर तिसाव्या दिवसाचीच पुन्हा म्हणतात. आठ तारखेच्या संध्याकाळी एक्केचाळीस, बेचाळीस आणि त्रेचाळीस, मग कोणाला नोकरी लागलेली असो वा सुटलेली. अठ्ठ्याऐंशीवे, ज्यात शेवटपर्यंत दिलासा म्हणून सापडत नाही आणि जे आमच्याकडे उपासनेत म्हटल्याचे मला आठवत नाही, ते सतरा तारखेच्या सकाळी ठरलेले आहे. त्या दिवशी आनंदात असलेल्यांनीही ते म्हणायचे.

हे माझ्या माहेरच्या शिकवणीच्या अगदी उलट आहे. आमची मंडळी, म्हणजे आमचे चर्च, मूळची अमेरिकन धर्मप्रसारकांच्या अमेरिकन मराठी मिशनची. १९७० साली चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झाल्यावर कागदोपत्री आम्ही अँग्लिकन, म्हणजे चर्च ऑफ इंग्लंडच्या, परिवारात आलो, तरी घरातला कल जुनाच राहिला. छापील प्रार्थना म्हणजे शेजारणीकडून उसनी साखर आणून चहा करणे, असे आजी म्हणत असे. तिचे उसन्यावाचून काही अडत नसे, कारण नारायण वामन टिळकांची भजने तिला तोंडपाठ होती, आणि १९१९ साली वारलेल्या त्या कवीबद्दल ती असे बोलत असे की जणू ते कालच नगरात ओसरीवर बसून गेले आहेत. माझ्याजवळ त्या संध्याकाळी साखरेचा दाणाही नव्हता.

गावाकडचे काही जण मला विचारतात की तासाभराच्या अंतरावर भारतीयांची प्रार्थनासभा असताना मी तिथे का जात नाही. मी दोनदा गेले. जेवण उत्तम होते, तबला त्याहून उत्तम होता. परंतु साक्ष देण्याची, म्हणजे देवाने आपल्यासाठी काय केले ते सर्वांसमोर सांगण्याची, वेळ आली की प्रत्येकाची अडचण सुटलेली असे, आणि माझी का सुटत नाही याविषयी प्रेमळ सूचना मिळत. विश्वास थोडा कमी पडत असेल, असे एका ताईंनी माझा हात हातात घेऊन सांगितले. त्यांचा हेतू चांगला होता, हे मी मान्य करते. तरीही रविवारची बस त्या मार्गावर फार कमी असते, हे कारण मी सर्वांना देते आणि ते खरेही आहे.

इंग्लंडमधली चर्च ओस पडली आहेत, असेही मला ऐकवले जाते. सात माणसे हा आकडा माझ्या बाजूने नाही, हे मला कळते. परंतु त्या सातांपैकी एकाने, चहाच्या वेळी, आमच्या घराण्याने धर्म ‘अलीकडेच’ स्वीकारला का, असे विचारले, तेव्हा माझ्या पाच पिढ्यांचा पाढा मी इतक्या सविस्तर वाचला की त्याचा चहा गार झाला. पुढच्या खेपेला त्यानेच माझ्यासाठी जागा धरून ठेवली होती.

नोकरी मला मार्चमध्ये लागली. तोवरच्या महिन्यांत माझी प्रार्थना म्हणजे कोष्टकात त्या तारखेला जे असेल ते, एवढीच होती, आणि मध्यावर थांबायला मी चुकत नव्हते.

आता दर आठ तारखेला मी आईला फोन लावते. इथे संध्याकाळचे पाच म्हणजे हिवाळ्यात तिच्याकडे रात्रीचे साडेदहा. तरी ती जागी राहते, चष्मा लावून मराठी शास्त्र, म्हणजे बायबल, उघडते, आणि आम्ही दोघी आळीपाळीने एकेक वचन म्हणतो. मधे थांबायचे, हे मी तिला तीनदा समजावले आहे. ती हो म्हणते आणि आजीसारखीच एका दमात पुढे निघून जाते.