नऊ वर्षांपूर्वी फिटलेल्या कर्जाचा बोजा उतरवताना

गाडी विकायला आलेल्या माणसाला मी हल्ली पहिला प्रश्न विचारतो, आरसीवर बोजा आहे का? म्हणजे गाडीच्या नोंदणी प्रमाणपत्रावर कर्ज देणाऱ्या कंपनीचं नाव अजून आहे का? किलोमीटर, टायर, सर्व्हिसची पुस्तिका हे सगळं नंतर. ही सवय मला २०२५ साली एका गाडीने लावली. त्या सहा महिन्यांची चीड अजून पुरती गेलेली नाही, म्हणून हे सविस्तर लिहितोय.

माझा जुन्या गाड्यांचा छोटा व्यवसाय आहे. यार्डात एका वेळी आठ-दहा गाड्या मावतात. मी, एक मेकॅनिक आणि गाड्या धुणारा एक मुलगा, एवढीच माणसं. लोकांना वाटतं की या धंद्यात गाडीची पारख आली की झालं. पारख लागतेच, पण माझा निम्मा दिवस कागदांत जातो.

मार्चमध्ये ओळखीच्या एका काकूंचा फोन आला. "अरे, ह्यांची गाडी दारात उभी आहे. येऊन बघून जा. मला चालवता येत नाही, आणि रोज बघवतही नाही." काका नोव्हेंबरमध्ये गेले होते. गाडी २०१२ सालची, पेट्रोल, ४१ हजार किलोमीटर चाललेली. दारांची रबरं ओढून वेल्डिंगचे ठिपके पाहिले, डिकीतला मॅट उचलून पाहिला, कुठे गंज नाही, कुठे ठोकल्याची खूण नाही. सौदा १ लाख ८५ हजारांना ठरला. १ लाख तेव्हाच दिले, उरलेले गाडी नावावर झाल्यावर द्यायचे ठरले.

आरसीवर एका फायनान्स कंपनीचं नाव होतं, ते मला दिसलं होतं. पण काकूंनी काकांची फाइल पुढे केली आणि मी निर्धास्त झालो. एकेका हप्त्याची पावती तारखेप्रमाणे लावलेली. शेवटी २०१६ ची एनओसी, म्हणजे कंपनीचं ना हरकत पत्र, आणि बोजा उतरवण्याच्या फॉर्म ३५ च्या दोन प्रती, कंपनीच्या सहीशिक्क्यासह. काकांनी कर्ज वेळेत फेडलं होतं, कागद घरी आणले होते आणि आरटीओत जायचं तेवढं राहून गेलं होतं. असं कितीतरी लोकांचं होतं. शेवटचा हप्ता गेला की बोजा आपोआप उतरला असं त्यांना वाटतं. एनओसी आणि फॉर्म ३५ आरटीओपर्यंत पोचवून आरसीवरचं नाव काढून घ्यावं लागतं, आणि हे काम कर्ज घेणाऱ्यालाच करावं लागतं.

त्या एनओसीच्या तळाशी बारीक अक्षरांत एक ओळ होती, हे पत्र ९० दिवसांपर्यंतच वैध. ती मी वाचली नाही. आरटीओच्या खिडकीवरच्या बाईंनी वाचली. "नऊ वर्षं झाली याला. नवी आणा." त्यांचं बरोबर होतं, मी वाद घातला नाही. मला वाटलं, आठवड्याचं काम आहे.

ज्या कंपनीने ती एनओसी दिली, ती कंपनीच आता नव्हती. मधल्या काळात ती एका बँकेत विलीन झालेली. एनओसीवरच्या पत्त्यावर गेलो तर तिथे क्लासची पाटी. मग बँकेच्या शाखेत गेलो. तिथल्या माणसाने जुना लोन नंबर टाकून पाहिला, पण संगणक तो घेईचना, कारण बँकेचे नंबर वेगळ्या पद्धतीचे. "आमच्याकडे असं लोनच नाही," तो म्हणाला. मी म्हटलं, "मग या गाडीवर तुमचा काही हक्क नाही, एवढं लेटरहेडवर लिहून द्या." "तसं लिहून देता येत नाही."

म्हणजे कर्ज त्यांच्याकडे नव्हतं, पण बोजा होता.

त्यांनी कस्टमर केअरकडे पाठवलं. तिथे पहिल्याच पायरीला नोंदणीकृत मोबाइलवर ओटीपी. तो नंबर काकांचा, आणि काका गेल्यावर सिम बंद झालेलं. नंबर बदलून द्या म्हटलं तर खातं बंद आहे, बंद खात्यातला नंबर बदलत नाहीत, शाखेत जा. शाखेत गेलो तर बंद खात्याचं काम कस्टमर केअरच बघतं. एप्रिल आणि मे मिळून मी अकरा फेऱ्या मारल्या. तारखा माझ्या डायरीत आहेत. दर वेळी खुर्चीवर वेगळा माणूस, आणि दर वेळी गोष्ट काकांच्या मृत्यूपासून सुरू करायची.

सहाव्या की सातव्या फेरीला काकूंना बरोबर नेलं, कारण मी कर्जदार नाही म्हणून माझ्याशी कोणी नीट बोलत नव्हतं. टेबलापलीकडच्या साहेबांनी फाइल चाळली आणि म्हणाले, "विनंती कर्जदाराकडून यायला हवी. त्यांना घेऊन या." मी मृत्यूचा दाखला पुढे ठेवला. त्यांनी तो वाचला, परत सरकवला आणि तेच वाक्य पुन्हा म्हणाले. काकू शेजारीच बसल्या होत्या. त्या काही बोलल्या नाहीत. परत येताना गाडीत फाइल मांडीवर धरून बसल्या आणि एवढंच म्हणाल्या, "एक हप्ता चुकवला नव्हता रे ह्यांनी." तो दिवस आठवला की अजून माझ्या हातातलं काम थांबतं.

पुढच्या फेरीला नवीन उपाय निघाला. एनओसी हरवल्याची पोलिसांत तक्रार द्या, त्यावर आम्ही डुप्लिकेट देऊ. एनओसी माझ्या हातात होती, फक्त मुदत संपलेली. पोलिसांना खोटं लिहून देणार नाही म्हणालो. त्यामुळे महिना वाढला असेल, पण त्याचं मला वाईट वाटत नाही.

धंद्यातल्या लोकांनी याहून सोपा रस्ता सुचवला. जुनी तारीख घालून फॉर्म २९ आणि ३० वर, म्हणजे गाडी दुसऱ्याच्या नावावर करायच्या फॉर्मवर, काकांची सही मार, गाडी दे आणि मोकळा हो. मेलेल्या माणसाची सही करायची! बोजा असलेल्या आणि नावावर न झालेल्या गाड्या कोऱ्या सह्यांच्या फॉर्मवर चार-चार हात फिरतात, हे मला माहीत आहे. पण अपघात झाला तर? कागदोपत्री ज्याच्या नावावर गाडी, भरपाईची जबाबदारी त्याचीच, मग त्याने ती कितीही वर्षांपूर्वी विकलेली असो. २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हे स्पष्ट केलंय. म्हणून गाडी देणाऱ्यालाही माझं सांगणं आहे, किल्ली दिली म्हणजे गाडी विकली असं समजू नका. कायद्याने विकणाऱ्याने राज्यातल्या राज्यात १४ दिवसांत आरटीओला कळवायचं असतं आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत. १ एप्रिल २०२३ पासून आमच्यासारख्या डीलरांनाही आरटीओकडून अधिकृत प्रमाणपत्र घ्यावं लागतं. ते पाच वर्षांचं असतं. मूळ मालकाने गाडी आमच्या ताब्यात दिल्याची रीतसर सूचना पोर्टलवर केली की पुढची जबाबदारी आमच्यावर येते. माझ्याकडे ते प्रमाणपत्र आहे, पण इथे सूचना करायला मूळ मालकच नव्हता.

तोवर गाडी यार्डात उभी. विमा काकांच्या नावाचा. मालक गेल्यावर अशी पॉलिसी तीन महिने किंवा तिची मुदत संपेपर्यंत, यातलं जे आधी येईल तोवरच चालते, म्हणजे माझ्याकडे येण्याआधीच तिचा उपयोग संपलेला. त्यामुळे गिऱ्हाइकाला रस्त्यावर ट्रायलही देता येईना. एका शिक्षक जोडप्याने गाडी पसंत केली, टोकन दिलं, दीड महिना वाट पाहिली. मग मीच त्यांना टोकन परत दिलं. बॅटरी गेली, नवी टाकली. टायर एका जागी बसू नयेत म्हणून दर आठवड्याला मुलगा गाडी पुढे-मागे ढकलायचा. हा खर्च कुठे धरता येत नाही. आम्हाला जीएसटी खरेदी आणि विक्रीच्या किमतीतल्या फरकावर लागतो, जानेवारी २०२५ पासून सगळ्याच जुन्या गाड्यांना १८ टक्के, आणि मधे घातलेली बॅटरी त्या फरकातून वजा होत नाही.

जूनमध्ये मी फेऱ्या बंद केल्या आणि लिहायला बसलो. हे पहिल्याच आठवड्यात करायला हवं होतं. प्रत्येक बँकेला आणि फायनान्स कंपनीला तक्रार निवारण अधिकाऱ्याचं नाव-पत्ता जाहीर करावा लागतो. तो शोधून काकूंच्या नावाने, काकूंच्या सहीने अर्ज केला आणि पोचपावतीच्या रजिस्टर्ड पोस्टाने पाठवला. सोबत जुनी एनओसी, फॉर्म ३५, शेवटच्या हप्त्याची पावती, मृत्यूचा दाखला आणि आरसी यांच्या प्रती. अर्जात एकच मागणी होती, नव्या तारखेची एनओसी आणि फॉर्म ३५. मनातला राग दोन पानं भरून लिहिला होता, तो फाडून टाकला आणि सात ओळींचा अर्ज पाठवला. तुम्हीही तसंच करा. लांब अर्ज पूर्ण वाचलाच जात नाही.

३० दिवस उत्तर आलं नाही. एकतिसाव्या दिवशी रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे, म्हणजे बँकांविरुद्धच्या तक्रारी ऐकणाऱ्या अधिकाऱ्याकडे, ऑनलाइन तक्रार केली. फी लागत नाही, वकील लागत नाही. फक्त आधी बँकेकडे लेखी तक्रार केल्याचा पुरावा हवा, म्हणून ती पोचपावती सोन्यासारखी जपा. ज्यांना ऑनलाइन जमत नाही त्यांच्यासाठी १४४४८ हा क्रमांक आहे. तक्रार डीलरच्या नावाने करू नका, ग्राहकाच्या किंवा वारसाच्या नावानेच करा.

नवव्या दिवशी काकूंना बँकेतून फोन आला. काकूंनी तो मला जोडून दिला. पलीकडची मुलगी कर्जविभागाच्या मुख्य कार्यालयातली. तिने लोन नंबर विचारलाच नाही. "सर, चासी नंबर सांगा." गाडीच्या सांगाड्यावर कोरलेला तो नंबर मी सांगितला, आणि दोन मिनिटांत काकांचं खातं तिच्यासमोर होतं, कर्ज पूर्ण फिटल्याच्या नोंदीसह. विलीनीकरणात लोन नंबर बदलले होते, गाडीचा चासी नंबर तोच राहिला होता. अकरा फेऱ्यांत एकालाही हे सुचलं नव्हतं, आणि मलाही नाही. तुमची कंपनी बंद किंवा विलीन झाली असेल तर पहिल्या दिवशीच चासी नंबरने शोधायला लावा.

ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात कुरियर आलं. मी पाकीट उभ्याउभ्या फोडलं आणि चासी नंबर एकेक अक्षर जुळवला. फॉर्म ३५ वर ‘बी’ या अक्षराच्या जागी ८ चा आकडा. तसाच घेऊन गेलो असतो तर आरटीओतून पुन्हा परत. त्याच मुलीला फोन केला, तिने दहा दिवसांत दुरुस्त प्रत पाठवली. शिवाय मी न मागता तिने विलीनीकरणाचं पत्रही जोडलं. खिडकीवर पहिला प्रश्न तोच आला, आरसीवर एक नाव आणि एनओसीवर दुसरं कसं? पत्र पुढे केलं आणि प्रश्न मिटला. त्या मुलीचे मनापासून आभार.

दुरुस्त फॉर्म ३५ हातात आला त्याच संध्याकाळी काकूंचे उरलेले ८५ हजार देऊन आलो. ठरल्याप्रमाणे नावावर होईपर्यंत थांबायचं होतं, पण त्यांनी आणखी थांबावं हे मला पटेना.

आरटीओतलं काम सरळ झालं. बोजा उतरवणं आणि फॉर्म ३१ वर वारसाच्या नावे करणं एकत्रच दिलं, काकूंच्या मुलीची ना हरकत स्टॅम्पपेपरवर होती. मग काकूंच्या नावावरून गिऱ्हाइकाच्या नावावर. घरातलं माणूस गेलं तर ३० दिवसांत आरटीओला कळवायचं असतं आणि तीन महिन्यांत गाडी वारसाच्या नावे करायला अर्ज द्यायचा असतो. दुःखात कोणाला हे सुचत नाही, म्हणून शेजारपाजारच्यांनी आठवण करून द्यावी. आणि आता आरसीवर नॉमिनीचं नाव लावता येतं, ते जिवंतपणीच लावून ठेवा. एप्रिल २०१९ च्या आधीची गाडी असेल तर नवी एचएसआरपी, म्हणजे उच्च सुरक्षेची नंबरप्लेट आधी बसवा. ती नसेल तर महाराष्ट्रात हस्तांतरण आणि बोजा उतरवणं दोन्ही अडतं. मी ती मेमध्येच बसवून घेतली होती.

सप्टेंबरच्या शेवटी आरसी आली. फायनान्सरचा रकाना रिकामा होता. गाडी नेणारे तेच शिक्षक जोडपं. त्यांनी मधल्या काळात दुसरी घेतली नव्हती, मी फोन केला आणि ते त्याच दुपारी आले. गाडी गेटबाहेर पडली तशी मी काकूंना कळवलं. त्या क्षणभर थांबल्या आणि विचारलं, "मग ती फाइल आता टाकून देऊ का रे?"

"नाही काकू," मी म्हटलं. "पावत्या होत्या म्हणून तर झालं. नव्या आरसीची झेरॉक्स घेऊन येतो, तीही त्यातच लावू."