परीक्षेच्या दिवसांतलं माझं बीपी

एम.एस्सी.ची शेवटची परीक्षा तोंडावर आली होती आणि कॉलेजच्या तपासणी शिबिरात माझं बीपी १४८/९४ निघालं. बाबांना चाळिशीतच गोळी सुरू झालेली, त्यामुळे आई हादरली. संध्याकाळीच आम्ही नागपुरातल्या धरमपेठेत आमच्या डॉक्टरांकडे गेलो.

"काहून घाबरून राहिलीस बेटा? एका आकड्यावर गोळी नाही देत मी. आठवडाभर घरी मोज, मग ये," ते म्हणाले. लघवीची आणि रक्तातल्या क्रिएटिनिनची (किडनीचं काम दाखवणारी) तपासणी मात्र लिहून दिली. कमी वयात बीपी वाढलं तर किडनी बघावीच लागते. दोन्ही रिपोर्ट चांगले आले.

मोजायचं कसं, हे त्यांनी मला बसवून शिकवलं. चहा-कॉफीनंतर अर्धा तास थांबायचं. लघवीला जाऊन यायचं. पाठ टेकून, पाय जमिनीवर ठेवून पाच मिनिटं गप्प बसायचं. पट्टा उघड्या दंडावर, छातीच्या उंचीला. सकाळ-संध्याकाळ दोन-दोनदा मोजायचं, मध्ये एक मिनिट सोडून. पहिल्या दिवसाचे आकडे वगळून सरासरी काढायची; घरी ती १३५/८५ च्या आत हवी. माझा दंड जाड असल्याने मोठा पट्टा घ्यायला लावला, कारण लहान पट्ट्यात आकडा जास्त येतो. शिबिरात तर रांगेतून आल्या आल्या, बोलता बोलता मोजलं होतं. अशा ठिकाणी पाच मिनिटं बसवून पुन्हा मोजायलाच हवं, असं मला कळकळीने वाटतं.

प्रॅक्टिकलच्या सकाळी १४२/९०, त्याच रात्री १२६/८०. ताणात अ‍ॅड्रिनॅलिन वाढतं, हृदय जोरात चालतं, रक्तवाहिन्या आवळतात; ताण सरला की दाब उतरतो. जागरण आणि रात्रीची कॉफी झाली, की दुसऱ्या सकाळी आकडा चढाच. सरासरी १३१/८३ आली. गोळी टळली, पण डॉक्टरांनी सोडून दिलं नाही. मीठ दिवसाला ५ ग्रॅमच्या आत ठेवायला सांगितलं, म्हणजे अभ्यासाच्या टेबलावरचा चिवडा आणि शेव गेली. संध्याकाळनंतर कॉफी बंद. ऊन चढायच्या आत अंबाझरी तलावावर चालायला जाऊ लागले. "पेपर तोंडावर अन् तू फिरून राहिली?" मैत्रिणी विचारायच्या. मला झोप लागू लागली होती, म्हणून मी ते सोडलं नाही.

परीक्षेनंतर पुन्हा आठवडाभर मोजलं, सरासरी १२२/७८ आली. घरात बीपी असल्यामुळे दर सहा महिन्यांनी मोजायचं आहे. धाकटा भाऊ यंदा बारावीला आहे. त्याचंही मोजायला सांगितलंय, त्याच्या दंडाला बसेल असा पट्टा घेऊन.