लोणार: म्हणे दोन तासांची फेरी, आम्हाला लागले सहा

मुद्द्याचं आधी सांगतो, म्हणजे घाईत असाल तर एवढंच वाचून निघालात तरी चालेल. लोणारच्या विवरात उतरा, जंगलातून कमळजादेवीच्या देवळापर्यंत जा, निवांत बसा आणि आल्या वाटेनं परत या. अर्धा दिवस मस्त जातो. देवळाच्या पुढं, तळ्याला पूर्ण वळसा घालायच्या फंदात पडू नका. पाणी चढलेलं असेल तर अजिबातच नको.

आम्ही पडलो. मी आणि माझी भाची. वय अनुक्रमे बावन्न आणि एकोणीस. दोघंही सह्याद्रीत बऱ्यापैकी हिंडलेले, त्यामुळे दम लागला म्हणून हे लिहीत नाहीये.

फसलो ते एका व्हिडिओमुळं. त्यात एक पोरगा पांढऱ्या बुटात तळ्याकाठी चालतोय आणि सांगतोय, ‘पूर्ण राउंड दोन तास, एकदम सोपं, आजीला पण आणा.’ मी वर माझी अक्कल चालवली. तळ्याचा व्यास साधारण सव्वा किलोमीटर, म्हणजे परीघ चार किलोमीटर. चार किलोमीटर काय, मी रोज सकाळी दूध आणायच्या निमित्तानं चालतो. गणित चुकलं नव्हतं. फक्त तळ्याच्या अगदी काठानं चालता येतं हे मी गृहीत धरलं होतं, आणि तो व्हिडिओ कुठल्या महिन्यातला, पाणी तेव्हा कुठवर होतं, हे बघितलंच नव्हतं.

पोचायचं कसं ते थोडक्यात. रेल्वेनं येणाऱ्यांनी जालन्याला उतरून मंठामार्गे एसटी धरावी. गाडी असेल तर समृद्धीवरून मेहकरला बाहेर पडायचं, तिथून लोणार पंचवीस किलोमीटरच्या आत. आम्ही आदल्या दिवशी दुपारी पोचलो आणि संध्याकाळी दैत्यसूदनाचं देऊळ बघितलं. देऊळ सुंदर आहे, चुकवू नका. त्यावर भरपूर लिहिलं गेलंय, मी भर घालत नाही.

सकाळी सात वाजता गोमुखापाशी. बारा महिने वाहणारी धार आहे, पाणी गोड. बाटल्या इथंच भरा, कारण खाली डोळ्यांसमोर एवढं पाणी आहे आणि त्यातला थेंब पिण्यासारखा नाही. दोघांत तीन लिटर नेलं होतं, ते कमी पडलं. माणशी दोन लिटर धरा.

इथंच एका गाइडनं विचारलं, ‘येऊ का भाऊ संगं?’ पंधराशे म्हणाला. मी सातशे म्हणालो, तो हसला आणि दुसऱ्या पाव्हण्यांकडे वळला. मला तेव्हा पंधराशे रुपये वाचवल्याचा आनंद झाला. त्याचं पुढं काय झालं ते येईलच.

उतार सोपा आहे. विवर काठापासून तळापर्यंत एकशे सदतीस मीटर खोल, म्हणजे चाळीस मजली इमारतीचे जिने उतरल्यासारखं. फरशा निसटलेल्या आहेत, वाळका पाला असला की घसरतं, पण अवघड म्हणावं असं काही नाही. वर काठावर उभं राहिलं की बुलढाण्याचा उघडा, रखरखीत मुलूख दिसतो आणि पाच मिनिटं खाली उतरलं की एकदम सावली. साग, कडुनिंब, सीताफळ. मोर ओरडत होते, वानरांची एक टोळी आमच्या पिशवीकडे बघत बघत समांतर चालली होती. गावाचा आवाज पूर्ण बंद होतो, हॉर्नसुद्धा ऐकू येत नाही. आमच्या दोघांच्याही फोनची रेंज तिथंच गेली.

कमळजादेवीपर्यंत तासभर लागला, तोही रमतगमत. वाटेत पडकी देवळं, त्यांच्या शिळांमधून उगवलेली झाडं. हा भाग इतका छान होता की त्याबद्दल लिहायला माझ्याकडे काहीच नाही. देवीला नमस्कार केला, भाचीनं हळदीकुंकवाची पुडी घेतली, पोळी-चटणी खाल्ली. नऊ वाजले होते. परत फिरायची हीच वेळ होती.

‘मामा, अर्धं तर झालंच की,’ भाची म्हणाली. अर्धं झालेलं नव्हतं. मी तिला दोष देत नाही, माझ्याही डोक्यात तोच पांढऱ्या बुटांचा पोरगा होता.

देवळाच्या पुढं वाट पहिली दहा मिनिटं नीट आहे. मग ती सरळ पाण्यात जाते. म्हणजे अक्षरशः पाण्यात. पायवाट पुढं चाललीये, तिच्यावर पाणी, आणि पाण्यात उभी वाळून कोळ झालेली झाडं. तळ्याला बाहेर जायला वाटच नाही, झरे आणि पाऊस यांचं पाणी आत येतं आणि उन्हानं उडेल तेवढंच कमी होतं. चांगल्या पावसानंतर काठ कुठं असेल ते कुठल्याच नकाशावर सापडायचं नाही.

अशा वेळी दोनच पर्याय उरतात. डावीकडे वर चढून झाडीत घुसायचं, नाहीतर काठाच्या पांढऱ्या पट्ट्यावरून जायचं. आम्ही आधी पट्टा धरला. वरून पापडासारखी कडक, पांढरी खारी पापडी, बघून वाटतं सुकलंय. सहा पावलं सुकलेलंच होतं. सातव्याला माझा उजवा पाय पोटरीपर्यंत आत. खाली काळा-करडा गाळ, लोण्यासारखा मऊ, आणि सडक्या अंड्यांचा असा भपकारा की डोळ्यांत पाणी आलं. पाय ओढला तर पाय आला, बूट आत. तो काढायला मी पालथा पडून खांद्यापर्यंत हात घातला. भाची हसत होती, फोटो काढत होती आणि मधेच तिचाही पाय गेला.

मग झाडी. ही वरच्यासारखी सागाची मोकळी झाडी नव्हे, ही वेडी बाभूळ. फांद्या कमरेच्या उंचीला एकमेकांत गुंतलेल्या, काटे बोटाच्या पेराएवढे, आणि ते बुटाच्या तळव्यातूनसुद्धा आरपार येतात. दोनशे मीटरला आम्हाला एक तास दहा मिनिटं लागली. घड्याळ बघून सांगतोय. वाकून, बसून, एके ठिकाणी रांगून. पूर्ण बाह्यांचा शर्ट आणि जीनची पँट असेल तर निभावतं, हाफ पँटवाल्यांनी विचारही करू नये.

तिथं एक गंमत झाली, तेव्हा गंमत वाटली नव्हती. माझ्या हातावर काट्यानं चांगली लांब ओरखड उठली. भाचीनं देवळातली हळद त्यावर दाबली. पुढं पाणी लागलं तसा मी गाळ धुवायला हात तळ्यात बुडवला आणि बाहेर काढला तर मनगटापासून कोपरापर्यंत लालभडक. भाची किंचाळली. मलाही क्षणभर वाटलं, शीर तुटली. मग लक्षात आलं, दुखत तर नाहीये. हळद होती ती. या पाण्याचा सामू साडेदहाच्या आसपास असतो, साबणाच्या पाण्यापेक्षा कमी नाही, आणि अल्कधर्मी पाण्यात हळदीचं कुंकू होतं. शाळेत हा प्रयोग केला होता, मार्कही मिळाले होते. ओरखडीवर मात्र ते पाणी असं झोंबलं की त्यापेक्षा रक्त परवडलं असतं. उघड्या जखमेला तळ्याचं पाणी लावू नका.

अकराच्या सुमारास एक वनमजूर भेटला, खांद्यावर कोयता. आमच्याकडे वरपासून खालपर्यंत बघून म्हणाला, ‘काऊन आले इकडून? इकडून तर आम्ही पण नाही येत.’ पुढं कसं आहे विचारलं तर म्हणाला, असंच आहे, उलट जास्तच. मागं फिरायची आमची हिंमत नव्हती. त्यानं आम्हाला वर जाणाऱ्या एका ढोरवाटेला लावलं, स्वतः निम्म्यापर्यंत आला. पैसे देऊ केले तर घेईना, शेवटी भाचीनं राजगिऱ्याचे लाडू दिले ते घेतले. म्हणजे पूर्ण फेरी आमचीही झाली नाही. ज्यांची होते त्यांनी कुठल्या वर्षी, कुठल्या महिन्यात केली तेही सांगत जावं, एवढीच विनंती.

एक वाजता आम्ही विवराच्या काठावर बाहेर आलो, तेही भलत्याच बाजूला. पाणी संपलेलं, अंगाला गाळाचा वास. इथं रिक्षा. सकाळी गावातून गोमुखापर्यंत साठ रुपये घेतले होते, आता तेवढ्याच अंतराचे साडेतीनशे. ‘सीट खराब होईन न भाऊ’ हे कारण. कारण खरं होतं, आकडा खोटा. अडीचशेवर आणला. सकाळी सोडणाऱ्यालाच परतीचं ठरवून नंबर घेऊन ठेवला असता तर हे शंभर रुपयांत झालं असतं. आणि आता तो पंधराशेवाला गाइड. भाव जास्तच होता, यावर मी ठाम आहे. पण तो पहिल्या वळणावरच ‘पुढं पाणी आहे’ म्हणाला असता हेही तितकंच खरं. हजारापर्यंत येत असेल तर घ्या.

जाणाऱ्यांनी मे महिना टाळा, विवरात वारा नसतो, भाजून निघाल. पावसाळ्यात उतरणीच्या फरशा घसरड्या. डिसेंबर ते फेब्रुवारी, सकाळी सातला उतरा, अकराच्या आत वर या. अभयारण्य आहे, २००० सालापासून, तेव्हा प्लास्टिक खाली टाकू नका आणि स्पीकर तर मुळीच नेऊ नका. गुलाबी पाणी बघायला मिळेल या आशेवर जाऊ नका. ते २०२० च्या जूनमध्ये झालं होतं, पाणी आटून खारटपणा वाढल्यावर, मीठ मानवणाऱ्या सूक्ष्मजीवांमुळं. आम्हाला हिरवं दिसलं, गढूळ हिरवं, आणि बसाल्टच्या खडकात उल्का आदळून झालेलं एवढं मोठं भोक पायाखाली आहे हे कळल्यावर रंगाचं फारसं काही वाटत नाही.

बूट जुने न्या. माझे तीन वेळा धुतले तरी वाळले की पांढरी रेघ पुन्हा उमटायची. लॉजवाल्या काकू म्हणाल्या, ‘पाण्यानं नाई निघत ते, लिंबू चोळा.’ अर्धं लिंबू चोळलं तर बूट फसफसून आला, सोड्यावर लिंबू पिळल्यासारखा. भाचीनं उरलेलं अर्धं तिच्या बुटाला लावलं.