टाकी धुण्याची नोटीस

‘उद्या टाकी धुणार, पाणी बंद’ एवढ्यावर कुणाचंच भागत नाही. पाणी कधी बंद, कधी सुरू आणि कोणती टाकी, हे सोसायटीच्या फळ्यावर दोन दिवस आधी हवं. जमिनीतली टाकी आधी, गच्चीवरची नंतर. उलट केलं तर खालचा गाळ पंप पुन्हा वर चढवतो. आदल्या रात्री भरणं थांबवा, म्हणजे पाणी वापरातच संपेल. गटारात कशाला? टाकी भरल्यावर १,००० लिटरला २.५ ग्रॅम ताजी ब्लीचिंग पावडर बादलीत कालवा, पावडरमधला चुना खाली बसू द्या आणि वरचं निवळ पाणी तेवढं टाकीत ओता. तासाभराने नळ सोडा. डबा उघडा राहिला असेल तर क्लोरीन उडालेला असतो, पावडर फुकट. पहिलं पाणी गढूळ येतं. तोवर फिल्टर बंद ठेवा, हेही लिहा.