आडनाव ओळखता ओळखता 47 दिवस

विक्रोळीच्या एका मोठ्या अकॅडमिक पब्लिशिंग कंपनीत मी प्रॉडक्शन एडिटर आहे. कंपनीचं नाव सांगत नाही, अजून तिथूनच पगार येतो. सासरच्यांना वाटतं मी पाठ्यपुस्तकं छापते, एका चुलत सासऱ्यांनी तर जूनमध्ये नातवासाठी दहावीचं गाइड मागितलं होतं. तसलं काही नाही हो. रिसर्च पेपर रिव्ह्यूमधून पास झाला की माझ्याकडे येतो, मग कॉपीएडिटर, मग चेन्नईचे टाइपसेटर, मग प्रूफ लेखकाकडे, करेक्शन आले की ऑनलाइन. एका वेळी हातात तीसेक पेपर आणि प्रत्येकाच्या मागे टॅट, म्हणजे काम संपवायची ठरलेली मुदत. लेखकाला पैसे मिळतात का हे सगळे विचारतात, तर नाही, रिव्ह्यू करणाऱ्यालाही साधारणपणे नाही, उलट ओपन ॲक्सेसमध्ये, म्हणजे पेपर सगळ्यांना फुकट वाचता येतो तिथे, बऱ्याचदा लेखकाकडूनच फी घेतात. हे सांगितलं की समोरचा माणूस माझ्याकडे जरा संशयानेच बघतो.

इंटरव्ह्यू, एडिटिंगची टेस्ट, ऑफर, सगळं आठवड्यात उरकलं. अडकलं ते बीजीव्हीमध्ये, म्हणजे बॅकग्राउंड व्हेरिफिकेशन, जे एका बाहेरच्या एजन्सीला दिलेलं असतं.

झालं असं की माझ्या मार्कशीटवर आडनाव सगळ्यात आधी आहे, मग माझं नाव, मग बाबांचं आणि शेवटी आईचं, सुनीता. पॅनवर माहेरचं नाव. आधारवर नवऱ्याचं नाव आणि सासरचं आडनाव. आपल्याकडे यात नवल ते काय, घरोघरी हेच. पण एजन्सीच्या सिस्टीमने मार्कशीटवरचा शेवटचा शब्द उचलला आणि माझं आडनाव केलं सुनीता! त्याच नावाने माझ्या आधीच्या कंपनीला मेल गेला आणि त्यांनी प्रामाणिकपणे कळवलं की अशा कोणी बाई आमच्याकडे कामाला नव्हत्या. रिपोर्ट रेड. खाली लिहिलेलं, मेजर डिस्क्रेपन्सी. चार वर्षं नोकरी केली तिथे मी.

जॉइन करून घेतलं, पण रिपोर्ट ग्रीन होईपर्यंत लॅपटॉप घरी न्यायचा नाही, म्हणजे बाकीची टीम आठवड्यातून तीन दिवस घरून आणि मी रोज डोंबिवली ते विक्रोळी, ते पण स्लोने, कारण फास्ट विक्रोळीला थांबत नाही. एचआरला विचारलं की एकच उत्तर, मॅडम सिस्टीममध्ये रेड दिसतंय, एजन्सीशी बोला. एजन्सीला फोन केला की दर वेळी नवीन माणूस, त्याला पहिल्यापासून सांगा, तो म्हणणार मॅडम मॅरेज सर्टिफिकेट अपलोड करा. केलंय हो, तीनदा केलंय. मग एकाने गॅझेट मागितलं, म्हणजे नाव बदलल्याची सरकारी राजपत्रातली नोंद. लग्नानंतरच्या नावासाठी मॅरेज सर्टिफिकेट का चालत नाही विचारलं तर म्हणे चेकलिस्टमध्ये आहे.

आणि दिवसभर मी काय करत होते? तर लेखकांची नावं तपासत होते. प्रूफबरोबर प्रश्नांची जी यादी जाते त्यात एक्यू 1, म्हणजे ऑथर क्वेरीतला पहिलाच प्रश्न, बहुतेक वेळा हा असतो की नाव आणि आडनाव आम्ही बरोबर ओळखलंय ना, कृपया खात्री करा. एक्सएमएलमध्ये, म्हणजे पेपरच्या कॉम्प्युटरला वाचता येणाऱ्या फाइलमध्ये, आडनावाचा टॅग वेगळा, नावाचा वेगळा, अदलाबदल झाली की सायटेशनमध्ये, म्हणजे दुसरे त्या पेपरचा संदर्भ देतात तिथे, माणूसच बदलतो, आणि पेपर ऑनलाइन गेल्यावर कळलं तर करेक्शन नोटीस काढायची पाळी येते. याच भानगडीसाठी 2012 पासून ऑर्किड आहे, संशोधकाच्या ओळखीचा 16 आकडी नंबर, नाव कितीही बदललं तरी नंबर तोच. चिनी लेखकांचं आडनाव आधी येतं हे आमच्या ट्रेनिंगच्या पहिल्या दिवशी शिकवलं. डोंबिवलीच्या बाईचं पण येतं हे कोणी एजन्सीला शिकवावं?

चेन्नईच्या टाइपसेटरकडची एक ताई कॉलवर हसायलाच लागली, तिला आडनावच नाही, नावापुढे फक्त वडिलांचं इनिशियल, तिचे तीन महिने गेले होते. तिनेच सुचवलं, त्यांना शब्दांत समजावू नकोस, तक्ता दे.

मग मी चक्क एक्यू शीट बनवलं. एका कॉलममध्ये कागदपत्र, दुसऱ्यात त्यावर छापलेलं नाव जसंच्या तसं, तिसऱ्यात यातलं आडनाव कुठलं, आणि खाली एक्यू 1, आपण आडनाव बरोबर ओळखलंय का, कृपया खात्री करा. सोबत या सगळ्या नावांची व्यक्ती एकच असं ॲफिडेव्हिट, नोटरी करून. एचआरच्या मोठ्या मॅडमना सीसी. चौथ्या दिवशी ग्रीन, एकूण 47 दिवस. गॅझेटचं नावही कोणी काढलं नाही.

तर लग्नानंतर नोकरी बदलत असाल तर हा तक्ता जॉइन व्हायच्या आधीच पाठवा, रेड झाल्यावर नाही. ॲफिडेव्हिटला स्टॅम्प पेपर मागितलाच तर 500 चा घ्यावा लागतो, ऑक्टोबर 2024 पासून 100 चा बंद झालाय, मी जुना घरात होता तो घेऊन गेले आणि परत आले. फोनवर बोललात तरी मागून मेल टाका, त्यांच्याकडे बोललेलं काहीच राहत नाही. आधीच्या एचआरमधल्या कोणाचा तरी थेट नंबर निघतानाच घेऊन ठेवा, मला तोच शेवटी शोधावा लागला. आणि पीएफचं राहिलंच, यूएएन, म्हणजे पीएफचा कायमचा नंबर, त्यावरचं नाव आधारशी जुळवून घ्या. 1 ऑक्टोबर 2017 नंतरचा आणि आधारने व्हेरिफाय झालेला यूएएन असेल तर जानेवारी 2025 पासून हे आपलं आपल्याला ऑनलाइन करता येतं, कंपनीच्या सहीसाठी थांबावं लागत नाही.

ऑफिसचा ईमेल आयडी मात्र पहिल्याच दिवशी एजन्सीच्या डेटावरून बनला होता, त्यात अजून सुनीता आहे. आयटी म्हणतं आता बदलला तर जुने मेल जातील. त्यामुळे जर्मनीपासून ब्राझीलपर्यंतचे प्रोफेसर मला डिअर डॉक्टर सुनीता लिहितात. आईला सांगितलं, तर म्हणाली, राहू दे की मग.