कडी कुठून फेकता?

डेव्हिड मॅक्लेलंड या मानसशास्त्रज्ञाने 1960 च्या दशकात आंध्रातल्या काकीनाड्याच्या छोट्या व्यावसायिकांना 'संपादन प्रेरणे'चं, म्हणजे काहीतरी सरस करून दाखवण्याच्या ओढीचं, प्रशिक्षण दिलं. पुढे या व्यावसायिकांनी इतरांपेक्षा जास्त नवे उद्योग काढले, जास्त भांडवल घातलं. त्याच परंपरेतला खुंटीवर कड्या (रिंगा) फेकण्याचा खेळ उद्योजकतेच्या शिबिरांत अजून चालतो. कॉलेजात पाहुण्यांच्या भाषणापेक्षा तो बरा, फक्त नीट घ्यायला हवा.

एक खुंटी रोवा. तिच्यापासून 1 ते 10 फुटांवर खडूने रेघा ओढा. प्रत्येकाला 5 कड्या. फेकण्याआधी कागदावर दोन आकडे लिहून घ्या: कितव्या रेघेवरून, आणि किती खुंटीत पडतील. कडी पडली की जितके फूट तितके गुण. साधारण 5 फुटांवरून निम्म्या पडतील अशा मापाच्या कड्या आधीच फेकून बघून निवडा, नाहीतर खेळातून काहीच कळत नाही.

कोणी 1 फुटावर चिकटतो. कोणी थेट 10 वर जातो. तिथे हरलं तरी लाज नाही, नशिबाला बोल लावता येतो. उद्योगाकडे वळणारा बहुधा मधली रेघ धरतो आणि पहिल्या फेरीचा निकाल पाहून दुसऱ्या फेरीत एखादा फूट सरकतो. म्हणून दुसरी फेरी गाळू नका, खरी माहिती तीच देते. बक्षीस जाहीर केलं किंवा बाकीच्यांना ओरडू दिलं, की सगळे मागच्या रेघेवर जातात. सिद्धांत आधी सांगितला, तर पोरं मास्तरांना हवं तिथे उभी राहतात.

मग हाच हिशेब धंद्याला लावायचा. दहा लाखांचं कर्ज काढून कॅफे ही दहावी रेघ. त्याऐवजी गॅदरिंगमध्ये 3,000 रुपयांचा स्टॉल लावा: किती प्लेट खपतील ते आदल्या दिवशी लिहा, निम्म्या मालाची आगाऊ नोंदणी घ्या, संध्याकाळी फरक मोजा.

अनुदानाच्या ओढीने मात्र सुरुवात नको. पीएमईजीपी या केंद्र सरकारच्या नव्या उद्योगांसाठीच्या कर्ज-अनुदान योजनेत सर्वसाधारण गटाला शहरात 15 आणि ग्रामीण भागात 25 टक्के अनुदान आहे, पण ते हातात पडत नाही. बँक ते 3 वर्षं ठेवीत अडकवते आणि तपासणीनंतर कर्जात वळतं करते. तेवढ्या रकमेवर व्याज लागत नाही, इतकाच तोवरचा फायदा. शिवाय प्रकल्पाच्या 10 टक्के पैसे स्वतःचे घालावे लागतात, ते वेगळेच.