तेवीस नोव्हेंबरचा म्हातारा

इटलीत प्रत्येक गावाला वर्षातली एक सुट्टी स्वतःची असते, गावच्या संताच्या नावाची. पिआचेन्झाची ४ जुलैला, मिलानची ७ डिसेंबरला. त्या दिवशी आपल्या गावातली नगरपालिका, शाळा, बँक कुलूपबंद, आणि दहा किलोमीटरवरच्या गावात लोक रोजच्यासारखे कामावर. इथे नवीन आले तेव्हा मला हे फार आवडलं होतं. देव सगळ्यांचा, सुट्टी मात्र आपापली.

ऑफिसात माझ्या शेजारी बसते ती बोब्बिओची. तिचा संत, सान कोलोंबानो, २३ नोव्हेंबरचा. पिआचेन्झाला त्या दिवशी सुट्टी नाही, म्हणून ती रजा टाकते. आजारपणातसुद्धा रजा टाकायला कुरकुरणारी ही बाई या एका दिवसाचा अर्ज जानेवारीतच देऊन मोकळी होते. या वेळी मला म्हणाली, चल. गेले.

नोव्हेंबरात पो नदीच्या मैदानात धुकं बसलं की दिवसचे दिवस उठत नाही. बस त्रेब्बियाच्या काठाकाठाने वर चढायला लागली तसं ते मागे पडलं आणि एकदम ऊन आलं. पिआचेन्झापासून बोब्बिओ पंचेचाळीसेक किलोमीटर, रस्ता सगळा वळणांचा. उन्हाळ्यात इथे मोटारसायकलवाल्यांची झुंबड असते. कोलोंबानो त्यांचाही संत मानला जातो. सहाव्या-सातव्या शतकात अर्धा युरोप तुडवलेल्या माणसावर ही जबाबदारी कशी आली म्हणाल, तर त्या भटकण्यामुळेच.

माझी ही सहकारी तिथल्या चर्चच्या गायनवृंदात गाते. तालमीला जाताना ती मला चौकातल्या बारमध्ये बसवून गेली. (इथला बार कॉफीचा असतो. आईला हे फोनवर अजून पटलेलं नाही.) भिंतीवर कुठल्याशा टायरवाल्याचं कॅलेंडर होतं. भिंतीवर कॅलेंडर दिसलं की मला ते वाचावंच लागतं, डॉक्टरकडे, सलूनमध्ये, कुठेही. घरात कालनिर्णयची मागची पानंही पाठ असायची, त्यातला हा प्रकार. इथल्या कॅलेंडरातही प्रत्येक चौकोनात एका संताचं नाव आणि चंद्राच्या कला. तेवीसच्या चौकोनात छापलं होतं ‘संत क्लेमेंते’. त्यावर बॉलपेनची आडवी रेघ, आणि वर ठसठशीत अक्षरात ‘कोलोंबानो’.

काउंटरमागच्या म्हाताऱ्या बाईंना विचारलं. म्हणाल्या, “छापणाऱ्यांना काय कळतंय? मी दरवर्षी खोडते.”

आणि मला तात्या आठवले.

तात्या म्हणजे माझे आजोबा. रत्नागिरीजवळच्या आमच्या घरात टिळक पंचांग चालायचं. ज्यांच्याकडे चालतं त्यांना वेगळं सांगायला नको, आणि ज्यांच्याकडे नाही त्यांनी निदान ‘ते टिळक पंचांगवाले’ असं म्हणून कुणाकडे तरी मिस्कील बघितलेलं असतं. आमची संक्रांत गावाच्या तीन-चार दिवस आधी. जग अजून तीळ निवडत असायचं तेव्हा आम्ही गोड बोलून मोकळे. पण खरी पंचाईत अधिक महिन्याच्या वर्षी. दोन पंचांगांत अधिक महिना वेगळा आला, की आमचा गणपती अख्ख्या वाडीच्या महिनाभर आधी.

असं एक वर्ष मला लख्ख आठवतं. मूर्तिकाराकडे सगळे गणपती अजून पांढरे, बिनडोळ्यांचे. आमचा एकटा रंगून पुढे ठेवलेला. तात्यांनी तो डोक्यावर घेऊन आणला तेव्हा वाटेत लोक थांबून विचारत होते, “काय हो तात्या, आज?” तात्या कुणालाच उत्तर देत नव्हते. शाळेला सुट्टी नाही, म्हणून त्यांनी स्वतः अर्ज लिहिला, ‘आमच्या गणपतीनिमित्त’, आणि तो घेऊन मला गुरुजींसमोर उभं केलं. गुरुजींनी अर्ज दोनदा वाचला. वर्ग हसला. आरतीला शेजारचं कुणी नाही. झांजा वाजवायला मी आणि चुलत भाऊ, घंटेला आत्या. पुढे महिन्याभराने वाडीत घरोघर गणपती आले, ढोल वाजले, आणि आमच्याकडे वरणभात. आम्ही पोरं शेजाऱ्यांच्या आरत्यांना जाऊन पुन्हा मोदक खाल्ले. तात्यांना ठाऊक होतं. ते तोंड फिरवून पेपर वाचत बसायचे.

“पुस्तकात बघू नका, आकाशात बघा,” हे त्यांचं ठरलेलं वाक्य. सगळा वाद नक्षत्रचक्राचा आरंभ कुठून धरायचा याचा. गणितज्ञ केरूनाना छत्र्यांपासून चालत आलेला, लोकमान्यांनी उचलून धरलेला. आमच्या पंचांगाचा आरंभ रेवतीच्या ताऱ्यापासून. थंडीच्या सुरुवातीच्या रात्री तात्या आम्हाला अंगणात उभं करून तो तारा दाखवायचे. “तो बघ, तिथे, माडाच्या शेंड्याच्या डावीकडे.” तो तारा इतका मंद आहे की आमच्यापैकी कुणालाही कधी दिसला नाही. आम्ही सगळे म्हणायचो, हो, दिसला.

तर कोलोंबानो. आयर्लंडमधला, लेन्स्टर प्रांतात जन्मलेला. आयर्लंड म्हटलं की जगाला पॅट्रिक आठवतो, आणि तो मूळचा ब्रिटनमधला. तिथला हा अस्सल माणूस मात्र इटलीच्या डोंगरात येऊन पुरला गेला. साधारण ५९० साली बारा साथीदार घेऊन तो समुद्र ओलांडून आजच्या फ्रान्समध्ये आला, व्होज डोंगरांच्या रानात मठ उभारले, आणि लगेच तिथल्या बिशपांशी भांडण सुरू. भांडण कशावरून? ईस्टर कधी करायचा यावरून.

वसंतसंपातानंतरची पौर्णिमा आणि त्यानंतरचा रविवार, एवढा हा हिशेब. पण चंद्राची गणितं कुणाची धरायची? आयर्लंडचे साधू चौऱ्यांशी वर्षांचं जुनं चक्र वापरायचे, फ्रान्सवाले व्हिक्टोरियस नावाच्या गणितज्ञाची कोष्टकं. शिवाय रविवारीच चंद्राची चौदावी तिथी आली तर त्याच दिवशी ईस्टर करायचा की पुढच्या रविवारी ढकलायचा, यावर दोघांचं जमेना. म्हणजे काही वर्षी मठात ईस्टरची मेजवानी आणि बाहेर अख्ख्या मुलखाचा उपास चालू. हे वाचलं तेव्हा मी बसमध्ये एकटीच हसले होते. गुरुजींना अर्ज कुणी दिला असेल?

हा माणूस गप्प बसणारा नव्हता. त्याने थेट पोप ग्रेगरींना पत्र लिहिलं, की आमच्याकडचे विद्वान, कालगणनेतले जाणकार, व्हिक्टोरियसला मान देण्यापेक्षा हसण्यावारी नेतात. पोपला! तात्यांनी दाते पंचांगवाल्यांना सोलापूरला पत्रं लिहिली होती. त्यांची भाषा काय असेल याची मला आता कल्पना येते.

घरातही कोलोंबानो सोपा नसणार. त्याच्या मठाचे नियम आजही वाचायला मिळतात. स्तोत्र सुरू होताना कुणी खोकला, सहा फटके. चमच्यावर क्रूसाची खूण न करता जेवायला लागला, सहा फटके. गंमत अशी की याच माणसाच्या चरित्रात, त्याच्या मरणानंतर थोड्याच वर्षांनी योनास नावाच्या इथल्याच साधूने लिहिलेल्या, रानातल्या खारी झाडावरून उतरून त्याच्या अंगाखांद्यावर खेळतात असं आहे. खारींना खोकला येत नसावा.

६१० साली राजाच्या अनौरस मुलांना आशीर्वाद द्यायला नकार दिला म्हणून त्याला देशाबाहेर काढलं. आयर्लंडला परत पाठवायला जहाजात बसवलं, ते जहाज वादळाने किनाऱ्याला आणून टाकलं. मग ऱ्हाइनच्या काठाने वर, कॉन्स्टन्सच्या सरोवरापर्यंत, आणि आल्प्स ओलांडून लोंबार्डांच्या राज्यात. सत्तरीचं वय. आगिलुल्फ राजाने त्याला या दरीत एक पडकं चर्च आणि भोवतालची जमीन दिली, ६१४ साली. चर्चची डागडुजी करायला म्हातारा स्वतः लाकडं वाहत होता म्हणे. वर्षभरात गेला. २३ नोव्हेंबर ६१५, रविवार.

एवढं मी कॉफीवर वाचेपर्यंत तालीम संपली होती. सहकारी मला पुलावर घेऊन गेली. पोंते गोब्बो, कुबडा पूल. अकरा कमानी, एक दुसरीसारखी नाही, चढ-उतार असे की पलीकडचा माणूस मध्येच दिसेनासा होतो. कोलोंबानोने सैतानाकडून हा एका रात्रीत बांधून घेतला, बोली अशी की पहिला जीव जो पूल ओलांडेल तो सैतानाचा. सकाळी संताने कुत्रा सोडला. गावात ही गोष्ट सगळे हसत सांगतात. मला कुत्र्याचं पुढे काय झालं ते कुणी सांगेना, आणि तेवढ्यावरून माझा थोडा मूड गेला. संतांच्या गोष्टींत जनावरांचा विचार झाला तर खारींपुरता.

जेवायला तिच्या आईकडे. गोगलगायींचा इथला प्रसिद्ध पदार्थ मी आधीच नम्रपणे टाळला होता, तो म्हणे खरा नाताळच्या सुमाराचा. बोब्बिओची मकरोनी होती. तिची आई पिठाचा छोटा गोळा विणायच्या सुईवर ठेवून पोळपाटावर लाटते, सुई ओढून काढली की नळी तयार. हे थेट माझ्या यवतमाळच्या सासूबाईंचे सरगुंडे, फक्त काडीऐवजी सुई आणि आमरसाऐवजी तासन्‌तास शिजवलेलं गोमांस. मी आईंच्या शेजारी बसून चार-पाच केल्या. माझ्या बऱ्या झाल्या. त्या म्हणाल्या, सून करून घेतली असती, पण मुलगा नाही.

संध्याकाळची प्रार्थना बासिलिकात. जत्रा म्हणावी असं मला काही दिसलं नाही, पाळणे नाहीत की पिपाण्या नाहीत. कोट घातलेली, एकमेकांना ओळखणारी माणसं, मध्येच कुणाचं तरी रडणारं पोर. आधी खाली तळघरात जाऊन आले. तिथे १४८० सालची कोरीव संगमरवरी पेटी आहे, तिच्यात तो. आणि शेजारी जमिनीवर बाराव्या शतकातलं मोझाइक, त्यात बारा महिन्यांची कामं आणि त्यांच्या राशी. आयुष्यभर दिनदर्शिकेवरून भांडलेल्या माणसाच्या शेजारी, जमिनीतच दिनदर्शिका. पेटीजवळ वाकून मी दोन मिनिटं मेष-वृषभ-मिथुन शोधत बसले.

मागच्या बाकावर बसले तेव्हा दुसरं एक पत्र आठवत होतं. ६०३ साली फ्रान्सच्या बिशपांनी त्याला ईस्टरचा जाब द्यायला सभेला बोलावलं. तो गेला नाही. लिहून पाठवलं की मला या रानात गप्प राहू द्या, माझे सतरा भाऊ इथे मेले, त्यांच्या हाडांशेजारी राहू द्या. इतक्या भांडकुदळ पत्रांत हे एक वाक्य कुठून आलं कोण जाणे. तेही त्याला मिळालं नाही. ती सतरा जणांची हाडं फ्रान्सच्या रानात राहिली आणि हा इथे.

आणखी एक. आल्प्स ओलांडायच्या आधी त्याचा जुना साथीदार गाल आजारी पडला, मी येऊ शकत नाही म्हणाला. कोलोंबानोला वाटलं, ढोंग करतोय. ठीक आहे, राहा, पण मी जिवंत आहे तोवर तू प्रार्थना चालवायची नाहीस, असं बजावून तो निघाला. गालने ते पाळलं. त्याच्या चरित्रात असं आहे की कोलोंबानोने मरताना आपली काठी त्याच्याकडे पाठवायला सांगितली, क्षमा म्हणून. गालच्या नावाचं शहर आज स्वित्झर्लंडमध्ये आहे.

तात्यांचे धाकटे भाऊ नोकरीनिमित्त पुण्याला गेले आणि तिथे सगळ्यांबरोबर, सगळ्यांच्या दिवशी गणपती आणायला लागले. “बायकोला शेजारणी हसतात,” एवढंच त्यांनी कारण दिलं होतं. तात्या त्यांच्या गणपतीला कधी गेले नाहीत. भावाच्या मुलीच्या लग्नाला गेले, हसले, बोलले, पण गणपतीला नाही. शेवटच्या आजारपणात काका-आजोबा येऊन उशाशी बसले होते तेव्हाही या विषयावर कुणी काही बोललं नाही. काठी वगैरे काही नाही.

तात्या गेल्यावर श्राद्धाचा प्रश्न आला. तिथी दोन्हीकडे तीच, पण अधिक महिन्याच्या वर्षी महिना कुठला धरायचा? आत्या म्हणाली आपल्या पंचांगाचा, आई गप्प. बाबांनी दोन दिवस विचार केला आणि सांगितलं, तारखेनं करू. इंग्रजी तारखेनं. सगळ्यांना रजा काढता येते, पुण्याहून मंडळींनाही सोयीचं पडतं.

पहिल्या वर्षी काका-आजोबा आदल्या रात्रीच्या एसटीने आले. पहिल्या पंगतीला बसले, वडे मागून घेतले, आणि खिरीत वेलदोडा कमी पडलाय असं म्हणाले. तो खरंच कमी पडला होता.